व्हॉल्टवॉर्डन मध्येच सिंक व्हायचं थांबतं: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

घरच्या यंत्रावर व्हॉल्टवॉर्डन, म्हणजे स्वतःचा पासवर्ड सर्व्हर, चालवणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. कालपर्यंत सगळं ठीक होतं, कुणी कशाला हात लावला नाही, आणि आज फोनवरचं अ‍ॅप सर्व्हरला जोडलंच जात नाही. यंत्र बंद करून चालू केलं की कधी चालतं, कधी नाही. चाललंच तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

माझ्या घरी, नातेवाइकांकडे आणि ओळखीच्या काही छोट्या ऑफिसांत हा बिघाड इतक्यांदा काढलाय की तपासण्यांचा क्रम आता पक्का झालाय. तोच इथे देतो. व्हॉल्टवॉर्डन स्वतः फार क्वचित बिघडतं. बिघडतं ते त्याच्याभोवतीचं: पत्ता, सर्टिफिकेट, घड्याळ, डिस्क. म्हणून कंटेनर (सर्व्हर ज्या बंदिस्त डब्यात चालतो तो) उडवून नवा टाकण्याची घाई करू नका. पासवर्डच्या सर्व्हरवर असल्या घाईत जे जातं, ते परत मिळत नाही.

मी धरून चाललोय तो थाट असा: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा जुना मिनी पीसी, त्यावर डॉकरमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत) व्हॉल्टवॉर्डन, पुढे बाहेरची मागणी आत पोचवणारा प्रॉक्सी म्हणून कॅडी किंवा एनजिनएक्स, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट (पत्ता खरा असल्याचा ब्राउझरला मिळणारा पुरावा) आणि फोन-लॅपटॉपवर बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेची नेहमीची अ‍ॅप्स. व्हॉल्टवॉर्डन हा बिटवॉर्डनच्या अ‍ॅप्सशी जुळणारा, रस्ट भाषेत स्वतंत्रपणे लिहिलेला सर्व्हर आहे. २०२१ पर्यंत त्याचं नाव बिटवॉर्डन-आरएस होतं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांत ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

लक्षणं

आधी नीट पाहा की नक्की काय होतंय. ‘चालत नाही’ एवढ्यावर काही शोधता येत नाही.

- जुने पासवर्ड दिसतात, पण सिंक दाबलं की एरर येते. लॅपटॉपवर टाकलेली नवी नोंद फोनवर येत नाही.
- मोबाइल डेटावर चालतं, घरच्या वायफायवर नाही. किंवा नेमकं उलट.
- ब्राउझर ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणतो.
- लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सगळं उत्तम, अँड्रॉइड अ‍ॅप मात्र जोडायला नकार देतं.
- मास्टर पासवर्ड बरोबर आहे, पण दुसऱ्या पायरीचा सहा आकडी कोड दरवेळी चुकीचा ठरतो.
- लॉगिनचं पान उघडतं, पण लॉगिन दाबल्यावर एरर येते. किंवा लॉगिन होतं, पण नवी नोंद जतन होत नाही.
- अपडेट केल्यानंतर सर्व्हर म्हणतो, असं खातंच नाही.
- सगळं चालतं, फक्त बदल दुसऱ्या डिव्हाइसवर लगेच दिसत नाही; हाताने सिंक केलं की येतो.

शेवटचं लक्षण त्रासदायक आहे, धोक्याचं नाही. त्याच्या आधीचं मात्र गंभीर आहे. ते दिसत असेल तर खाली कंटेनरच्या भागावर थेट जा, आणि तोवर काहीही पुसू नका.

कशालाही हात लावण्याआधी: लॉगआउट करू नका

बिटवॉर्डनची अ‍ॅप्स तुमच्या तिजोरीची एक कुलूपबंद प्रत त्या त्या डिव्हाइसवर ठेवतात. सर्व्हर बंद असला तरी अ‍ॅप लॉक-अनलॉक करता येतं आणि पासवर्ड वाचता येतात. लॉगआउट केलं की ती प्रत पुसली जाते, आणि मग पुन्हा आत येण्यासाठी सर्व्हर लागतो. तोच तर बंद आहे. अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं, अ‍ॅपचा डेटा साफ करणं, यांचाही परिणाम तोच. ‘एकदा लॉगआउट करून बघ’ हा सल्ला इतर अ‍ॅप्सना चालतो, इथे तो घात करतो.

म्हणून घरात ज्यांच्याकडे हे अ‍ॅप आहे त्या सगळ्यांना आधी निरोप द्या: आई, बाबा, भाऊ, कुणीही लॉगआउट करायचं नाही. सेटिंगमध्ये ठरावीक वेळेनंतरची कृती ‘लॉगआउट’ असेल तर ती ‘लॉक’ करून घ्या.

मग ज्या डिव्हाइसवर तिजोरी उघडते आहे तिथून एक्सपोर्ट करून पाहा. पासवर्ड लावलेल्या, कूटबद्ध स्वरूपात करा. उघड्या मजकुराची फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहिली तर तोच मोठा धोका. नोंदींना जोडलेल्या फाइल्स साध्या एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. एक्सपोर्ट होत नसेल तर ईमेल, बँक आणि डोमेन विकत घेतलेल्या ठिकाणाचे पासवर्ड तेवढे कागदावर उतरवून कपाटात ठेवा. एवढं झालं की पुढचं काम शांतपणे करता येतं.

पहिली तपासणी: दुसऱ्या वाटेने जाऊन पाहा

फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. मग वायफायवर तोच उघडा. पत्त्याच्या शेवटी ‘/अलाइव्ह’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडला तर व्हॉल्टवॉर्डन जागं असल्यास तारीख-वेळ परत देतं. खर्च शून्य, आणि निम्मा शोध इथेच संपतो.

बाहेरून चालतं आणि घरातून नाही, तर दोष बहुधा राउटरचा. घराच्या आत बसून घराचाच बाहेरचा पत्ता मागितला, तर ती मागणी राउटरला आतल्या आत वळवावी लागते. अनेक राउटर ते करत नाहीत, आणि इंटरनेट कंपनीने राउटर बदलून दिला किंवा त्याचं फर्मवेअर अपडेट झालं की काल चालणारी गोष्ट आज थांबते. उपाय असा की घरातल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत), म्हणजे पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम असेल तर त्यात, तुमच्या डोमेन नावासमोर सर्व्हरचा घरातला पत्ता लिहायचा. तरीही एखादाच फोन जोडला जात नसेल तर त्या फोनमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ पाहा. ते चालू असेल तर फोन घरातल्या डीएनएसला विचारतच नाही.

घरातून चालतं आणि बाहेरून नाही, तर बहुधा सार्वजनिक पत्ता बदललाय. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

दोन्हीकडून ब्राउझरमध्ये उघडतं, पण अ‍ॅपमध्ये नाही? मग अ‍ॅपच्या लॉगिन पानावर कुठला सर्व्हर निवडलाय ते पाहायला हवं. पण त्यासाठी लॉगआउट करावं लागतं, म्हणून ही तपासणी नव्या किंवा रिकाम्या डिव्हाइसवरच करा. ‘सेल्फ-होस्टेड’ निवडलेलं हवं आणि पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणारा हवा. नवा फोन घेतल्यावर बिटवॉर्डनच्या कंपनीचाच सर्व्हर निवडलेला राहतो आणि ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश येतो. त्या संदेशाने माणूस उगीच घाबरतो. पासवर्ड बरोबर असतो, दार चुकलेलं असतं.

दुसरी: घड्याळ

सहा आकडी कोड चुकीचा येत असेल तर आधी घड्याळ बघा. तो कोड वेळेवरून तयार होतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. व्हॉल्टवॉर्डन एक पायरी पुढची-मागची चालवून घेतं, त्यापलीकडे नाही. लॉगिननंतर सर्व्हर जो टोकन देतो त्यालाही मुदत असते, त्यामुळे घड्याळ मागे गेलं की आधीच आत असलेलं अ‍ॅपसुद्धा अडकू शकतं.

घड्याळ का चुकतं? रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या पाट्यांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. ५ वर सोय आहे, पण बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. वीज गेली की पायला वेळ कळत नाही. परत आल्यावर तो जुनी जतन केलेली वेळ धरून उठतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मागतो. पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते-येते आणि राउटर उठायला पायपेक्षा जास्त वेळ घेतो, तेव्हा हे हमखास होतं.

याचाच एक चिवट प्रकार आहे. त्याच पायवर पाय-होल चालतंय आणि त्यात डीएनएसची सही तपासणं चालू आहे. सही तपासायला बरोबर वेळ लागते, आणि बरोबर वेळ मागायला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, म्हणजे डीएनएस लागतं. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. अशा वेळी पायचं स्वतःचं डीएनएस राउटरकडे किंवा बाहेरच्या सेवेकडे वळवा, म्हणजे गाठ सुटते.

‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दिली की घड्याळ जुळलेलं आहे का ते एका ओळीत दिसतं. कंटेनरच्या लॉगमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसली तर तो बिघाड नाही. तिथे जागतिक प्रमाणवेळ लिहिली जाते.

तिसरी: सर्टिफिकेट

दर दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या बिघाडाचं सगळ्यात मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

व्हॉल्टवॉर्डनला एचटीटीपीएस हवंच. तिजोरी तुमच्या डिव्हाइसवरच कुलूपबंद होते आणि उघडते, आणि त्यासाठीची ब्राउझरमधली सोय फक्त सुरक्षित जोडणीवरच मिळते. म्हणून ‘तात्पुरतं साध्या एचटीटीपीवर चालवू’ हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद आहे हे चांगलंच आहे.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. मुदत संपत आल्याचं ईमेल ते पूर्वी पाठवायचे; जून २०२५ पासून ते बंद झालं. त्यामुळे नूतनीकरण गुपचूप फसत असेल तर कळतं ते थेट सगळं बंद पडल्यावर. या मुदती पुढे आणखी कमी होणार आहेत: सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांनी मिळून ठरवल्याप्रमाणे मार्च २०२९ पासून सार्वजनिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४७ दिवसांचं असेल. हाताने नूतनीकरण करत बसणं तेव्हा अशक्यच होईल.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून मुदतीची तारीख पाहा. संपली असेल तर कारण यांपैकी एक निघतं.

एक, ८० क्रमांकाचं पोर्ट बाहेरून पोचत नाही. नेहमीच्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्ट त्याच पोर्टवर येऊन तुमची ओळख पटवतं. ‘आता एचटीटीपीएस आहे, ८० कशाला उघडं ठेवायचं’ म्हणून कुणीतरी राउटरमध्ये ते बंद केलेलं असतं. पोर्ट उघडायचंच नसेल तर डीएनएस नोंदीतून ओळख पटवण्याची पद्धत वापरा. घरच्या सर्व्हरला मला तीच जास्त योग्य वाटते.

दोन, नवं सर्टिफिकेट आलंय, पण एनजिनएक्सने वाचलंच नाही. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा कार्यक्रम) फाइल बदलतो, एनजिनएक्सच्या स्मरणात मात्र जुनीच राहते. यंत्र बंद-चालू केल्यावर ‘आपोआप’ बरं होतं ते यामुळेच. नूतनीकरणानंतर एनजिनएक्सला रीलोड करायची आज्ञा सर्टबॉटच्या हुकमध्ये एकदा लिहून ठेवा, हा बिघाड कायमचा जाईल.

तीन, कॅडीचा डेटा फोल्डर कायमस्वरूपी जोडलेला नाही. मग कंटेनर नव्याने बनला की कॅडी जुनं सर्टिफिकेट विसरतो आणि नवं मागतो. एकाच नावांच्या संचासाठी आठवड्याला पाचच सर्टिफिकेटं मिळतात. वैतागून पाच-सहा वेळा कंटेनर पाडून उभा केला की लेट्स एन्क्रिप्ट दार लावून घेतं आणि थांबण्याशिवाय पर्याय उरत नाही. म्हणून सर्टिफिकेटचा प्रश्न दिसत असताना पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. सर्टबॉटची ‘ड्राय-रन’ची सोय चाचणीच्या सर्व्हरवर चालते आणि तिचा हिशेब या मर्यादेत धरला जात नाही. आधी तिने खात्री करून घ्या.

लॅपटॉपवर चालतं आणि अँड्रॉइडवर नाही, त्याचं उत्तरही इथेच आहे. एनजिनएक्सला फक्त तुमचं सर्टिफिकेट दिलंय, मधल्या संस्थेचं दिलेलं नाही. डेस्कटॉप ब्राउझर ती मधली कडी अनेकदा स्वतः मिळवतो, अँड्रॉइड अ‍ॅप मिळवत नाही. सर्टबॉटच्या फोल्डरमध्ये ‘फुलचेन’ नावाची फाइल असते, मांडणीत तीच द्यायची. घरीच बनवलेलं, स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट वापरत असाल तर अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स वापरकर्त्याने टाकलेल्या सर्टिफिकेटवर सहसा विश्वास ठेवत नाहीत. त्या वाटेला जाऊच नका.

चौथी: डिस्क

पान उघडतं पण लॉगिन होत नाही, किंवा वाचता येतं पण जतन होत नाही, असं असेल तर डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्या. लॉगिन करतानाही सर्व्हर त्या डिव्हाइसची नोंद डेटाबेसमध्ये लिहितो. लिहायला जागा नसेल तर लॉगिन फसतं, आणि संदेशावरून वाटतं की पासवर्डच चुकला.

तुमची तिजोरी इतकी छोटी असते की तिने डिस्क भरणं जवळपास अशक्य. डिस्क भरते डॉकरच्या लॉगने आणि जुन्या इमेजेसनी (ज्यांपासून कंटेनर बनतात त्या साच्यांनी). डॉकरच्या मूळ मांडणीत लॉगला आकाराची मर्यादाच नसते. ती तुम्ही घालायची. लॉगला दहा-वीस एमबीची मर्यादा आणि तीन फाइल्स एवढं पुरतं. जुन्या इमेजेस ‘डॉकर इमेज प्रून’ने काढा. पण व्हॉल्यूम साफ करणारी आज्ञा देऊ नका, विशेषतः व्हॉल्टवॉर्डनचा कंटेनर काढून टाकलेला असताना. डॉकरच्या लेखी तेव्हा तो व्हॉल्यूम कुणाच्याच वापरात नसतो.

डिस्कमध्ये जागा आहे तरी लिहिता येत नाही? मग यंत्राचे अंतर्गत संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन पाहा. मेमरी कार्ड खराब व्हायला लागलं की लिनक्स फाइलसिस्टिमला फक्त वाचण्यापुरतं ठेवतो. तिथे इनपुट-आउटपुटच्या चुका दिसत असतील तर हा भाग सोडून शेवटच्या भागाकडे जा. कार्डावरून डेटाबेस चालवणं हेच मुळात बरोबर नाही. लहानशी एसएसडी लावा, आणि पायला त्याचाच चार्जर द्या. फोनच्या चार्जरवर चालणारा पाय कमी दाबामुळे कार्ड बिघडवतो.

पाचवी: पत्ता आणि वाट

राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी पत्ता आणि इंटरनेटवर ‘माझा आयपी’ शोधल्यावर दिसणारा पत्ता, दोन्ही शेजारी लिहा.

दोन्ही सारखे आहेत, पण तुमचं डोमेन नाव तिसऱ्याच पत्त्याकडे बोट दाखवतंय: मग डकडीएनएस किंवा बदलता पत्ता नावाला जोडून ठेवणारी जी सेवा असेल तिचा अपडेट करणारा कार्यक्रम बंद पडलाय. टोकन बदललाय का आणि तो कार्यक्रम ठरावीक वेळाने चालवणारा क्रॉन चालतोय का, एवढंच पाहायचं.

दोन्ही वेगळे आहेत आणि राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होतो: मग कंपनीने तुम्हाला सामाईक पत्त्यामागे ठेवलंय. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. भारतात घरगुती जोडणीवर हे सर्रास आढळतं, आणि काल स्वतंत्र पत्ता होता म्हणून आजही असेलच असं नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून काही आत येणार नाही. यावर रात्र घालवू नका. एकतर कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्या, नाहीतर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखी खासगी वाट वापरा. पासवर्ड सर्व्हर घरच्या चार माणसांसाठीच असेल तर तो उघड्या इंटरनेटवर असण्याची गरजच नाही, त्यामुळे माझी पसंती खासगी वाटेलाच.

टेलस्केल वापरणाऱ्यांना एक सूचना. प्रत्येक यंत्राची किल्ली मूळ मांडणीत १८० दिवसांनी संपते. वर्षातून दोनदा ‘आपोआप’ बंद पडणारा सर्व्हर पाहिला की मी सगळ्यात आधी हे तपासतो. टेलस्केलच्या नियंत्रण पानावर फक्त सर्व्हरच्या यंत्रापुरती मुदत बंद करा. फोन-लॅपटॉपची राहू द्या. टेलस्केलही १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते देतं, तेव्हा वरची तुलना करताना राउटरवरचाच पत्ता वाचा.

वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्या पत्त्यावर बंदी घालणारं फेल-टू-बॅन लावलं असेल तर तेही इथेच बघा. प्रॉक्सी खरा पत्ता पुढे पाठवत नसेल तर व्हॉल्टवॉर्डनला सगळी माणसं एकाच पत्त्यावरून, डॉकरच्या आतल्या १७२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून, आल्यासारखी दिसतात. मग घरातल्या एकाने तीनदा पासवर्ड चुकवला की बंदी सगळ्यांवर येते. ‘एक्स-रिअल-आयपी’ हे हेडर प्रॉक्सीतून जातंय ना, एवढी खात्री करा.

सहावी: कंटेनर, आवृत्ती, मांडणी

इथपर्यंत आलात तर आता आत डोकवायचं. ‘डॉकर पीएस’मध्ये कंटेनर सारखा नव्याने सुरू होताना दिसतोय का? ‘डॉकर लॉग्ज’च्या शेवटच्या पन्नास ओळी सावकाश वाचा. व्हॉल्टवॉर्डन आपली तक्रार बऱ्यापैकी स्पष्ट शब्दांत लिहितं.

अपडेटनंतर खातंच नाही, असं असेल तर सगळ्यात आधी पाहा की कंटेनरचा ‘/डेटा’ फोल्डर यंत्रावरच्या त्याच जागेशी जोडलाय का. कंपोझ फाइल (कंटेनरची मांडणी जिच्यात लिहिलेली असते ती) दुसऱ्या फोल्डरमधून चालवली की सापेक्ष मार्ग बदलतो आणि व्हॉल्टवॉर्डन मुकाट्याने नवा, रिकामा डेटाबेस बनवतं. जुनी फाइल बहुतेक वेळा शाबूत असते. म्हणूनच म्हटलं, काही पुसू नका आणि त्या रिकाम्या सर्व्हरवर नवं खातंही उघडू नका. कंटेनर थांबवा, जुनी डेटाबेस फाइल यंत्रावर शोधा, मार्ग दुरुस्त करा.

अ‍ॅप जोडलं जातं पण तिजोरी रिकामी किंवा अर्धवट दिसते, किंवा अ‍ॅप लगेच कोसळतं, तर आवृत्त्या जुळत नाहीत. फोनवरचं अ‍ॅप आपोआप अपडेट होत राहतं, सर्व्हर मात्र वर्षभर तसाच असतो. आधी बॅकअप, मग नवी इमेज ओढणं, मग कंटेनर नव्याने उभा करणं. नुसती इमेज ओढली तर चालू कंटेनर जुन्यावरच चालत राहतो. आणि बॅकअप आधीच का, तर नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलते. मग जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची खात्री उरत नाही. ही अपडेट्स मी आपोआप होऊ देत नाही. महिन्यातून एकदा, प्रकाशनाची टिपणं वाचून, हाताने.

कंपोझ फाइलमध्ये बदल केला तरी फरक पडत नाही? अ‍ॅडमिन पानावर एकदा जरी ‘सेव्ह’ दाबलं असेल तर डेटा फोल्डरमध्ये मांडणीची जेसन फाइल बनते आणि तिचं म्हणणं कंपोझपेक्षा वरचढ ठरतं. तिथेच बदल करा.

बदल लगेच दिसत नाही, या किरकोळ दुखण्याबद्दल थोडक्यात: १.२९ आवृत्तीपासून ही थेट सूचना मुख्य पोर्टवरूनच जाते. जुनं ३०१२ पोर्ट १.३१ मध्ये काढून टाकलं. प्रॉक्सीमध्ये त्याच्या ओळी उरल्या असतील तर काढा आणि वेबसॉकेट (सूचनांसाठी उघडी राहणारी जोडणी) पुढे जाऊ द्या. फोनवर लगेच दिसायला हवं असेल तर बिटवॉर्डनकडून मोफत मिळणारी इन्स्टॉलेशन आयडी आणि किल्ली मांडणीत घालावी लागते.

सातवी: डेटाबेस

लॉगमध्ये ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येत असेल तर डेटा फोल्डर कुठे आहे ते पाहा. तो नॅसवरच्या (नेटवर्कवरच्या साठवण यंत्रावरच्या) शेअरवर असेल तर कारण तेच. व्हॉल्टवॉर्डनचा डेटाबेस ज्यात असतो त्या एसक्यूलाइटला नेटवर्कवरचं फाइल कुलूप भरवशाचं मिळत नाही. डेटा त्याच यंत्राच्या डिस्कवर आणा, नॅसवर फक्त बॅकअप पाठवा.

‘मालफॉर्म्ड’ हा शब्द दिसला तर कंटेनर ताबडतोब थांबवा. अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, डेटाबेसशेजारच्या वॉल आणि एसएचएम फाइल्ससकट. न लिहिलेले ताजे बदल त्या वॉल फाइलमध्येच असू शकतात. मग मूळ फाइलला हात न लावता त्या प्रतीवर एसक्यूलाइटची ‘इंटेग्रिटी चेक’ची आज्ञा चालवा. ‘ओके’ आलं तर बिघाड दुसरीकडे आहे. नाही आलं तर जुना बॅकअप परत टाकायचा. टाकताना जागेवर उरलेली जुनी वॉल फाइल आधी बाजूला काढा, नाहीतर ती चांगल्या बॅकअपवर चढून त्यालाही नासवेल.

चालू सर्व्हरची डेटाबेस फाइल नुसती कॉपी करून घेतलेला बॅकअप विश्वासाचा नसतो. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा किंवा अ‍ॅडमिन पानावरचं बॅकअपचं बटण वापरा, आणि जोडलेल्या फाइल्सचा फोल्डर वेगळा उचला. डेटा फोल्डरमधली आरएसए किल्लीची फाइल (लॉगिनच्या टोकनवर सही करणारी) हरवली तर घाबरू नका. तिजोरीचं कुलूप त्या किल्लीचं नाही. फक्त सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल.

कुठे थांबायचं

कार्ड किंवा डिस्क वाचताना चुका येतायत आणि बॅकअप नाही: यंत्र बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. चालू डिस्कवर फाइलसिस्टिम दुरुस्त करणाऱ्या आज्ञा मारत राहिलात तर उरलेलंही जातं. पण त्याआधी फोन-लॅपटॉपवरची प्रत शाबूत आहे का ते बघा. असेल तर तिथून एक्सपोर्ट करून नवा सर्व्हर उभा करणं कितीतरी स्वस्त पडतं.

डेटाबेस नासलाय आणि बॅकअपही नासलेला निघाला: हे अनुभवी लिनक्स किंवा डेटाबेस प्रशासकाचं काम. त्याला डेटा फोल्डरची प्रत द्या, मूळ नाही. मास्टर पासवर्ड कुणालाही देऊ नका. दुरुस्तीसाठी तो लागत नाही, आणि जो मागेल त्याला काम देऊ नका. यंत्रावर तात्पुरतं खातं उघडून द्या, काम झाल्यावर ते बंद करा आणि अ‍ॅडमिन टोकन बदला.

मास्टर पासवर्ड विसरलाय: इथे पैसे खर्च करू नका. तो सर्व्हरकडे कधी जातच नाही, त्यामुळे सर्व्हरवाला, मी किंवा कुणीही व्यावसायिक तो काढून देऊ शकत नाही. आपत्कालीन प्रवेशासाठी आधीच कुणाला नेमलं असेल किंवा बोटाच्या ठशाने उघडणारं एखादं डिव्हाइस अजून आत असेल, तेवढीच वाट. दुसऱ्या पायरीचा फोन हरवला असेल तर मात्र अ‍ॅडमिन पानावरून त्या खात्याची दुसरी पायरी काढता येते.

ऑफिसचा सर्व्हर असेल आणि दहा-पंधरा माणसं खोळंबली असतील तर पाचव्या तपासणीनंतर बाहेरचा माणूस बोलवा. लोक खोळंबले की कुणीतरी पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागतं, आणि ते नंतर निस्तरणं जास्त अवघड.

आणि लॉगमध्ये अनोळखी पत्त्यावरून यशस्वी लॉगिन, अ‍ॅडमिन पानावर न ओळखीचं खातं, किंवा तुम्ही न केलेले बदल दिसले तर हा बिघाड नाही, घुसखोरी आहे. यंत्राची नेटवर्कची वायर काढा, पण काही पुसू नका, पुन्हा इन्स्टॉलही करू नका. लॉग लागतील. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून आधी ईमेलचा, मग बँकांचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते ती पहिल्या काही तासांतच.